परळच्या सहा खोल्या

विज्ञानाची सुरुवात निरीक्षणाने होते, असे शाळेपासून आपल्या मनावर ठसलेले असते. आधी नीट पाहायचे, मग तर्क बांधायचा, मग प्रयोग करायचा आणि शेवटी निष्कर्ष काढायचा. हा क्रम खोटा म्हणता येणार नाही, पण मुंबईतील प्लेगचा इतिहास त्याच्या आधाराने वाचू लागले की पहिल्याच पायरीवर अडायला होते. मेलेले उंदीर सगळ्यांनी पाहिले होते. मांडवीच्या धान्यवखारीतील हमालांनी पाहिले, चाळीतल्या बायकांनी केरात पाहिले, पालिकेच्या भंग्यांनी टोपल्या भरून उचलले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात रोगी तपासणारे, मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे असे निदान केले, तेव्हा उंदीर मरत असल्याची गोष्ट त्या वस्तीला नवी नव्हती. तरीही उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये पिसू आहे, हे संशयापलीकडे जायला जवळजवळ दहा वर्षे लागली. निरीक्षण हाच उगम असता तर या दहा वर्षांचे काही कारण उरत नाही. या काळात नेमके काय घडले ते बारकाईने पाहिले, तर वैज्ञानिक पद्धत कुठे सुरू होते आणि कशी पुढे जाते याचे अधिक खरे चित्र हाती लागते. ती सुरू होते ती कोणीतरी आपल्या तर्काला हरण्याची जागा मोकळी ठेवतो तेव्हा. आणि पुढे सरकते ती त्या तर्कावरचे आक्षेप झटकून न टाकता त्यांनाच कामाला जुंपल्यामुळे.

त्या वेळी जे ठाऊक होते ते काही थोडे नव्हते. हाँगकाँगच्या साथीत १८९४ साली अलेक्झांद्र यर्सिन याने प्लेगचा जंतू शोधला होता, आणि मेलेल्या उंदरांच्या शरीरातही तोच जंतू असल्याचे त्याने नोंदवले होते. म्हणजे मुंबईत साथ आली तेव्हा रोगाचे कारण माहीत होते आणि हाच रोग उंदरांना होतो हेही माहीत होते. माहीत नव्हता तो फक्त रस्ता: जंतू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो कसा? ही एक फट राहिली आणि तिच्यात सगळे जुने तर्क येऊन बसले. काहींच्या मते दोष जमिनीत होता, ओलसर मातीतून आणि गटारांतून वर येणाऱ्या दूषित हवेत. काहींच्या मते रोग्याच्या श्वासात, कपड्यांत, अंथरुणात. सरकारी उपाय या दोन्ही मतांची सरमिसळ होते. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुतली गेली, भिंतींना चुना लागला, ऊन आत यावे म्हणून घरांची कौले उतरवली, जमिनी उकरल्या, अंथरुणे-पांघरुणे जाळली, रोग्यांना घरातून उचलून नेले, रेल्वेच्या स्थानकांवर प्रवाशांची अंगे तपासली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि या साऱ्याला कायद्याचे बळ मिळाले. पुण्यात त्या बळाचा वापर कसा झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडवरच्या गोळीबारात कसा झाला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. एवढे मात्र सांगायला हवे की ज्या समजुतीपायी लोकांच्या देवघरात आणि माजघरात सोजीर शिरले, ती समजूत तोवर कोणीही तपासून घेतलेली नव्हती.

उंदीर आधी मरतात आणि माणसे नंतर, हे निरीक्षण दूषित हवेच्या मताला अडचणीचे ठरले असते असे आज वाटते. तसे झाले नाही. उंदीर बिळात, मातीच्या अगदी जवळ राहतात. तेव्हा जमिनीतून वर येणारे विष आधी त्यांनाच बाधणार आणि मग माणसापर्यंत पोहोचणार, असे त्याचे स्पष्टीकरण तयार होते. चीनच्या युन्नान भागातील साथींविषयी लिहिणाऱ्यांनीही अशाच तऱ्हेचे विवेचन केलेले आहे. ते मूर्खपणाचे मुळीच नव्हते. हाती असलेल्या वस्तुस्थितीत ते चपखल बसत होते, आणि धोका नेमका त्यातच होता. एकच निरीक्षण दोन परस्परविरोधी मतांना सारखाच आधार देत असेल, तर ते कितीही वेळा पाहिले, कितीही गावांतून गोळा केले, तरी निवाडा होत नाही. मुंबईत आणखी एक गोष्ट वारंवार दिसत होती: प्लेगच्या रुग्णालयात रोग्याची सेवा करणाऱ्यांना आणि त्याच्या उशाशी बसून राहणाऱ्या नातेवाइकांना हा रोग फारसा होत नसे. श्वासाने आणि स्पर्शाने रोग पसरतो म्हणणाऱ्यांना हे जड जायला हवे होते. पण रुग्णालय हवेशीर असते, घर कोंदट असते, असे म्हणून तेही पचवता येत होते. ज्या मताला कोणतीही गोष्ट अडवू शकत नाही, त्याला कोणती गोष्ट सिद्धही करू शकत नाही.

पॉल-लुई सिमों हा फ्रेंच लष्करी डॉक्टर १८९७ मध्ये यर्सिनच्या सीरमचे काम पुढे चालवण्यासाठी मुंबईत आला. त्याने जे पाहिले ते इतरांना दिसत नव्हते असे नाही, पण त्याने त्याविषयी प्रश्न विचारला. काही रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायावर किंवा जिथे कातडी नाजूक असते अशा जागी, रोगाच्या अगदी सुरुवातीला एक बारीक फोड दिसे. तो फोडून पाहिला तर आत प्लेगचे जंतू. विशेष म्हणजे रोग्याच्या शरीरात जिथे मोठी गाठ येई, त्या बाजूच्याच अवयवावर हा फोड असे. म्हणजे जंतू श्वासाने छातीत किंवा अन्नाने पोटात न जाता कातडीतून आत शिरला असला पाहिजे. आणि कातडीला धड जखमही नसताना तिथे जंतू घालणारे कोण, तर काहीतरी चावणारे. दुसरी गोष्ट मेलेल्या उंदरांविषयीची. नुकताच मेलेला उंदीर हाताळणाऱ्यांना प्लेग झाल्याची उदाहरणे त्याने जमवली, पण मरून थंडगार पडलेला, बराच वेळ झालेला उंदीर उचलणाऱ्यांना काही होत नसे. जंतू तर दोन्हींत होते. मग फरक कशाचा? शरीर थंड पडू लागले की पिसवा ते सोडून जातात आणि जवळपास जे उबदार अंग सापडेल त्यावर चढतात. हा तर्क चांगला होता, पण अजून तर्कच होता. दूषित हवेच्या मतापेक्षा तो हुशार होता म्हणून त्याला पद्धत म्हणता येणार नाही.

२ जून १८९८ रोजी कराचीतील एका हॉटेलच्या खोलीत सिमोंने जे केले, तिथे माझ्या मते खरी सुरुवात होते. प्लेगच्या घरात सापडलेला आजारी उंदीर त्याने एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. तळाशी मलमूत्र शोषून घ्यायला वाळू होती. उंदराच्या अंगावर पिसवा भरपूर असाव्यात म्हणून मांजरावरून गोळा केलेल्या पिसवाही त्याने आत सोडल्या. उंदीर मरायला टेकला तेव्हा एका निरोगी उंदराला बारीक जाळीच्या पिंजऱ्यात घालून तो पिंजरा त्याने बरणीत टांगला. दोन उंदरांना एकमेकांना शिवता येत नव्हते, चावता येत नव्हते, खालच्या वाळूला वरच्याचे पाय लागत नव्हते. जाळीतून ये-जा करू शकत होत्या त्या पिसवा. पहिला उंदीर मेला. वरचा काही दिवसांनी आजारी पडला आणि तोही मेला. त्याच्या गाठींत जंतू सापडले. मग त्याने दुसरा प्रयोग मांडला: प्लेगचा उंदीर तसाच, निरोगी उंदीरही तसेच, पण पिसवा नाहीत. या वेळी निरोगी उंदरांना काही झाले नाही. या दुसऱ्या मांडणीचे मोल फार मोठे आहे. पिसवा नसतानाही निरोगी उंदीर मेले असते, तर सिमोंचा तर्क तिथेच संपला असता, आणि संपावा अशीच त्याने ती मांडणी केली होती. दूषित हवेच्या कोणत्याही पुरस्कर्त्याने तोवर आपल्या मतासाठी अशी बरणी मांडली नव्हती, जिच्यातला उंदीर जगला तर मत सोडावे लागेल.

सिमोंचा निबंध त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात आला, आणि तो कोणी मानला नाही. इथे इतिहास सांगण्याची एक सोपी वाट समोर येते: एकटा द्रष्टा, आंधळे जग, शेवटी सत्याचा विजय. ती वाट मला मान्य नाही, कारण तिच्यात पद्धतीचा अर्धा भाग हरवतो. सिमों बरोबर होता, पण बरोबर असणे आणि सिद्ध केलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचे प्रयोग मोजकेच होते. प्रयोगातल्या पिसवांपैकी बऱ्याच मांजराच्या होत्या. त्याच्याआधी फोर्मोसा बेटावर ओगाता या जपानी डॉक्टरने प्लेगच्या उंदरांवरच्या पिसवा चिरडून त्यांचा रस उंदरांना टोचला होता आणि त्यातून प्लेग झाला होता. पण पिसूच्या पोटात जंतू असणे वेगळे आणि तिच्या चावण्याने ते पोहोचणे वेगळे. युरोपात जॉर्ज नटॉल याने कीटकांच्या चावण्याने प्लेग पोहोचतो का ते तपासले, तर त्याला यश आले नाही. १९०० साली तिथल्याच गल्ली-वालेरिओ याने आणखी मुळावर घाव घातला: उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही, मग ती प्लेग देणार कशी? त्याने स्वतः पाहिलेल्या पिसवांपुरते त्याचे म्हणणे खरे होते.

याच्या जोडीला सरकारी आयोग होता. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ च्या अखेरीस नेमलेल्या या आयोगाने हिंदुस्थानभर फिरून अडीचशेच्या वर साक्षीदार तपासले आणि पिसूच्या तर्काला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही असा अभिप्राय दिला. साम्राज्याचा आयोग एका फ्रेंच डॉक्टरचे ऐकणार कसा, असे म्हणून या निर्णयाची वासलात लावता येईल, आणि त्यात थोडे तथ्य असेलही. पण खरी उणीव कामाच्या तऱ्हेत होती. आयोगाने हा प्रश्न न्यायालयासारखा चालवला. अनुभवी अधिकारी आले, डॉक्टर आले, प्रत्येकाने आपापल्या जिल्ह्यात काय पाहिले ते सांगितले, उलटतपासणी झाली, कागदांचे गठ्ठे झाले. पण जे निरीक्षण एकदा दोन्ही बाजूंना चालते, ते अडीचशे तोंडांतून आल्याने एका बाजूचे होत नाही. नटॉल आणि गल्ली-वालेरिओ यांनी मात्र पिसूचा तर्क नाकारताना प्रयोग केले होते, आणि म्हणूनच त्यांचा नकार उपयोगी पडला. त्यांच्या नकारातून पुढचा प्रश्न निघू शकत होता. आयोगाच्या अभिप्रायातून काही निघत नव्हते.

तो प्रश्न असा: सिमोंच्या बरणीत जे घडले ते युरोपात घडत नाही, तर मग दोन्हीकडची पिसू एकच आहे का? तोवर पिसू म्हणजे पिसू, एवढेच डॉक्टर लोक धरून चालले होते. पिसवांच्या जाती वेगळ्या काढण्याचे काम प्राणिशास्त्राच्या एका कोपऱ्यात चालले होते, प्लेगशी त्याचा संबंध आहे असे कोणाच्या मनात नव्हते. १९०३ साली चार्ल्स रॉथशिल्ड याने नाईलच्या खोऱ्यातून आणलेल्या एका पिसूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पिरॅमिड बांधणाऱ्या राजाच्या नावावरून तिला केओपिस हे नाव दिले. मुंबईत विल्यम ग्लेन लिस्टन या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या तरुण डॉक्टरने इथल्या उंदरांवरच्या पिसवा गोळा करून पाहिल्या, तर त्या बहुतेक याच जातीच्या निघाल्या. उत्तर युरोपातील उंदरांवर असते ती पिसू वेगळी. गल्ली-वालेरिओ चुकला नव्हता. तो दुसऱ्याच पिसूविषयी बोलत होता. एखाद्या आक्षेपाचे याहून चांगले उत्तर असू शकत नाही. आक्षेप तसाच खरा राहिला, फक्त त्याची हद्द कळली.

मग लिस्टनने मोजायला सुरुवात केली. एप्रिल महिन्यात मुंबईतील एका चाळीत उंदीर मोठ्या संख्येने पडू लागले आणि मग एकाएकी पडायचे थांबले. काही दिवसांत तिथल्या लोकांना पिसवांचा इतका उपद्रव सुरू झाला की ते खोल्या सोडून व्हरांड्यात निजू लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथे प्लेगचा पहिला रोगी निघाला. लिस्टनने त्या चाळीतल्या माणसांच्या अंगावरून ३० पिसवा पकडवल्या. त्यांपैकी १४ उंदरावरच्या होत्या. हा आकडा एकटाच असता तर त्याचा अर्थ लागला नसता. मुंबईत उंदराच्या पिसवा माणसाच्या अंगावर नेहमीच असतात, असे कोणी म्हणाले असते तर? म्हणून त्याने जिथे उंदीर पडलेले नव्हते अशा ठिकाणच्या माणसांवरून २४६ पिसवा गोळा केल्या. त्यांत उंदराची पिसू निघाली फक्त एक. कराचीच्या बरणीत पिसवांविना मांडलेला दुसरा प्रयोग आणि या २४६ पिसवा यांचे काम एकच आहे. ‘असे नसते तर काय दिसले असते’ हे दोन्ही ठिकाणी मुद्दाम शोधलेले आहे. लिस्टनने हे सारे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडले आणि १९०५ मध्ये तिच्या नियतकालिकात छापले. पक्षी, साप आणि फुलपाखरे यांच्या नोंदींसाठी चाललेल्या त्या नियतकालिकाने माणसाच्या इतक्या जवळच्या प्रश्नाला जागा दिली, हे मुंबईच्या विद्याजीवनाचे एक मोठे भूषण आहे.

याच काळात मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलेले गिनीपिग प्लेगने मेले. तपासले तर त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गच्च भरलेल्या होत्या. आसपासचे उंदीर आधीच मेले होते. एरवी गिनीपिगच्या अंगावर पिसवा अगदी थोड्या असतात. एखाद्याने ही घटना ‘आणखी एक उदाहरण’ म्हणून नोंदवून ठेवली असती. लिस्टनला त्यात साधन दिसले. उपाशी पिसवा ज्याच्यावर गोळा होतात असा प्राणी प्लेगच्या घरात सोडला, तर त्या घरात काय दबा धरून आहे ते कळेल. पुढे मुंबईत जे मोठे काम झाले त्यात गिनीपिग सापळा म्हणून वापरला गेला, आणि जंतुनाशकाने धुऊन काढलेल्या खोल्यांमध्येही सोडलेले गिनीपिग प्लेगने मेल्याचे आढळले. ज्या धुलाईपायी एवढा जुलूम झाला होता, ती पिसवांचे काहीच बिघडवत नव्हती.

१९०५ मध्ये इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर संस्था यांनी मिळून नवे संशोधन मंडळ नेमले. काम झाले परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये. गव्हर्नरांनी सोडलेल्या त्या वाड्यात १८९९ पासून प्लेगची लस करणाऱ्या हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा होती. आजची हाफकिन संस्था ती हीच. या मंडळाने आवारात सहा लहान खोल्या बांधल्या. साध्या हिंदुस्थानी घरासारख्या, आकाराने सारख्या, फरक फक्त छपराचा. पहिल्या दोन खोल्यांना देशी कौले, जिथे उंदरांना घर करायला भरपूर सांदी. पुढच्या दोन खोल्यांना मंगलोरी कौले. शेवटच्या दोन खोल्यांवर पत्र्याचे छप्पर, जिथे उंदीर राहूच शकत नव्हते. छपराखाली तारेची जाळी ठोकली होती. छपरातला उंदीर खाली उतरू शकत नव्हता, पण त्याच्या अंगावरची पिसू जाळीतून खाली पडू शकत होती. खाली निरोगी गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्यात प्लेग टोचलेले काही मिसळले. कौलांच्या खोल्यांत पिसवा होत्या आणि तिथे रोग एकातून दुसऱ्यात पसरत गेला. पत्र्याच्या खोल्यांत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र राहिले, एकाच भांड्यात खाल्ले, एकमेकांच्या घाणीत वावरले. आजारी तेवढे मेले, रोग पुढे गेला नाही. मग त्याच पत्र्याच्या खोल्यांत पिसवा सोडल्या, आणि तिथेही रोग पसरला. हवा तीच, जमीन तीच, गर्दी तीच. दूषित हवेच्या मताला इतक्या वर्षांत प्रथमच अशी जागा मिळाली जिथे ते चुकू शकत होते, आणि तिथे ते चुकले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि त्यांची ही चिकाटी मला सर्वात मोलाची वाटते. पिसूच कारण असेल तर पिसूच्या अंगची मर्यादा रोगालाही असली पाहिजे. पिसू उडी मारते, पण चार-सहा बोटे. म्हणून त्याच खोलीत एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला आणि एक दोन फुटांवर. दोन इंचांवरच्या गिनीपिगला प्लेग झाला. दोन फुटांवरचा वाचला. हवेतून येणाऱ्या विषाला दोन फूट म्हणजे काहीच नाही. प्लेगच्या घरांमध्ये त्यांनी माकडांचे पिंजरे ठेवले आणि एका पिंजऱ्याभोवती माशा पकडायच्या चिकट कागदाची सहा इंच रुंद पट्टी अंथरली. उघड्या पिंजऱ्यातल्या माकडाला रोग झाला, पट्टीच्या आतल्याला झाला नाही. आणि पट्टीवर चिकटलेल्या पिसवा उघडून पाहिल्या तर उंदरांच्या पिसवांत जंतू वारंवार सापडले, माणसाच्या पिसवांत जवळजवळ नाहीतच.

यावर रास्त हरकत अशी की माकड आणि गिनीपिग म्हणजे माणूस नव्हे. माणसांना पिंजऱ्यात ठेवून हा प्रयोग करता येत नव्हता, करायलाही नको होता. तेव्हा पुरावा दुसऱ्या बाजूने आणावा लागला. शहरभर पकडलेले आणि मेलेले उंदीर परळला आणून, एका वर्षात एक लाखाहून अधिक, एकेक चिरून तपासले गेले आणि कोणता कुठे, कधी सापडला याची नोंद झाली. त्यातून क्रम उभा राहिला: आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत साथ, सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. उंदीर मरणे, पिसू उपाशी पडणे, तिचे माणसाला चावणे आणि रोग अंगात मुरणे, यांना लागणारे दिवस मिळवले तर हे अंतर नीट जुळते. कोणताही एक दुवा एकटा घेतला तर वाद घालता येतो. पण बरणी, चाळीतल्या पिसवा, परळच्या खोल्या आणि लाखभर उंदरांची नोंदवही या वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या रीतीने आणलेल्या गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, तेव्हा त्यांना नाकारण्यासाठी प्रत्येकीत वेगळी चूक दाखवावी लागते. मंडळाने आपल्या निष्कर्षाची हद्दही आखली. हे सारे गाठीच्या प्लेगविषयी होते. फुफ्फुसाचा प्लेग माणसाकडून माणसाकडे खोकल्यातून जातो, हे त्यात कोणी नाकारले नाही.

दुसरी हरकत आपल्याकडून येते आणि तिच्यात अभिमान आहे, म्हणून तिला जपून उत्तर दिले पाहिजे. उंदीर पडले की घर सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे गावोगावच्या लोकांना कळत होते. मग प्रयोगशाळेने नवे काय दिले? लोकांचा नियम शहाणपणाचा होता आणि सरकारी कार्बोलिकपेक्षा त्याने अधिक जीव वाचवले असतील, यात मला शंका नाही. आयोगाने साक्षीदारांना विचारण्याऐवजी हा नियमच तपासायला घेतला असता तर बरे झाले असते. पण त्या नियमाला स्वतःचे कारण ठाऊक नव्हते. परत घरात कधी यायचे? बरोबर नेलेल्या गोधडीत धोका आहे की नाही? पोत्यातून गेलेले धान्य दुसऱ्या गावात साथ नेईल का? रोग्याजवळ बसावे की त्याला टाकून जावे? याची उत्तरे त्या नियमात नव्हती, आणि शेवटच्या प्रश्नापायी किती माणसे एकटी मेली याची गणती नाही. घरात मेलेल्या उंदराच्या उपाशी पिसवा आहेत, एवढे कळल्यावर या चारही प्रश्नांकडे पाहता येऊ लागले. रोग्याजवळ बसणाऱ्याला भीती रोग्याची नसून त्या खोलीची आहे, हे कळणे म्हणजे केवढा दिलासा.

तिसरी हरकत सर्वात जड आहे. सिमोंने १८९८ मध्ये सांगितलेले १९०६ पर्यंत मानले गेले नाही आणि त्या वर्षांत लाखो माणसे मेली. १९०७ या एकाच वर्षात हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांच्या आसपास बळी घेतले. एवढ्या मरणापुढे पुराव्याचा हट्ट धरणे क्रूर नव्हे का? पण शंका घेणाऱ्यांनी काळ खाल्ला नाही. काळ खाल्ला तो शंका घेऊन स्वस्थ बसणाऱ्यांनी, आणि अजिबात शंका न घेता घरे जाळणाऱ्यांनी. परळच्या खोल्या बांधायला १९०५ पर्यंत थांबण्याचे शास्त्रीय कारण काहीच नव्हते. लागत होती थोडी लाकडे, कौले, पत्रे आणि जाळी. शिवाय पूर्ण साखळी कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागते असेही नाही. हाफकिनला पिसू ठाऊक नव्हती, तरी त्याने लस केली आणि ती कसोटीला लावली. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंधेरा गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना नाही. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ मेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला आणि २६ मेले. एकाच घरात, एकाच छपराखाली, एकच अन्न खाणारी माणसे. निम्म्यांना लस न देण्यातला कठोरपणा आज आपल्याला सलतो, सलायलाच हवा. पण त्या ६४ जणांमुळेच पुढे लक्षावधी लोकांना लस टोचून घ्या असे कोणाला छातीठोकपणे सांगता आले.

मंडळाने पिसू सिद्ध केली, पण ती प्लेग देते कशी हे त्याला सांगता आले नाही. जंतू तिच्या तोंडाला चिकटून येतो, की तिच्या विष्ठेतून खाजवलेल्या कातडीत जातो? हा प्रश्न लंडनच्या लिस्टर संस्थेत आर्थर बॅकट आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९१४ मध्ये सोडवला. जंतूंची गुठळी वाढून पिसूच्या पोटाचे तोंड बंद होते. ती रक्त ओढते पण ते खाली उतरत नाही, म्हणून भुकेने पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक वेळी अडलेले रक्त जंतूंसह उलट जखमेत जाते. अशी अडलेली पिसू उष्ण, कोरड्या हवेत लवकर वाळून मरते असेही त्यांनी सुचवले. त्यामुळे दख्खनमध्ये चैत्र-वैशाखाचे ऊन तापले की साथ का ओसरते याचे एक कारण मिळाले. हे स्पष्टीकरण जवळजवळ शतकभर पुस्तकात कायम राहिले. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तिथल्या खारींच्या पिसवांवर प्रयोग करून दाखवले की पोटाचे तोंड बंद होण्याआधीच, जंतू घेतल्यावर थोड्या दिवसांत, काही पिसवा रोग देऊ शकतात. मग मोठ्या साथींत कोणत्या वाटेचा वाटा किती, हा प्रश्न आता निरनिराळ्या जातींच्या पिसवा घेऊन पुन्हा मोजला जातो आहे, आणि त्या जातींत मुंबईच्या उंदरांवरची केओपिसही आहे.